माटोळीतले रान

गोव्यात चवथीच्या आधी गणपतीच्या जागेवर लाकडी पट्ट्यांची चौकट छताला टांगतात आणि तिला फळे, शेंगा, वेली बांधतात. ही माटोळी, सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात. पाहुणा तिला आरास समजतो, पण तेवढ्याने तिचा उलगडा होत नाही. नारळ, सुपारीचा शिपटा, केळीचा घड, तोरिंग, चिबूड, आंबाडे हे परसातले झाले. त्यांच्या शेजारी कुड्याच्या लांबलचक जोडशेंगा असतात, माट्टीची पंख फुटलेली फळे असतात, माळकांगोणीचे घोस आणि हलवले की खुळखुळणाऱ्या घागऱ्या असतात. लालभडक कवंडळ तर हवेच, आणि ते कडू. नुसती शोभा हवी असती तर माट्टीसाठी कोणी रान तुडवले नसते; नैवेद्यच असता तर कवंडळ त्यात आले नसते. माझ्या मते माटोळी ही गावच्या रानाची वर्षातून एकदा घेतलेली हजेरी आहे आणि तिचा खरा जीव बांधण्यात नाही, गोळा करण्यात आहे.

हे काम किती जाणतेपणाचे आहे ते पंचांग पाहिले की कळते. २०२३ साली चतुर्थी १९ सप्टेंबरला आली, २०२५ साली २७ ऑगस्टला. तीन आठवड्यांहून थोडा जास्त फरक. एवढ्या काळात कच्चे फळ पिकते, शेंग जून होते, फूल गळून जाते. त्यामुळे गेल्या वर्षी अमुक वेलीला अमुक ठिकाणी फळ होते एवढी आठवण पुरत नाही. यंदा ते कोणत्या अवस्थेत असेल, ओहोळाकाठी सापडेल की डोंगराच्या उघड्या अंगाला, हा हिशेब करावा लागतो. कुड्याची साल अतिसारावर चालते, माळकांगोणीच्या बियांचे तेल निघते, कळलावीचा कंद विषारी, ही माहिती याच वाटेवर मोठ्यांकडून लहानांकडे येते. बांधण्याची रीतही रानातलीच. जड नारळ, शिपटे आणि घड आधी, चौकटीचा तोल सांभाळून. मग मधल्या जागांत हलके घोस. गाठी मारायला केवणीच्या सालीचे दोर. आता बहुतेक घरांत त्यांच्या जागी सुतळी आली आहे.

यावर कोणी म्हणेल, आता माटोळीचे सामान म्हापसा-फोंड्याच्या बाजारातून आयते येते, मग हजेरी कसली? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. बाजारात बसलेल्या बाईने ते सामान रानातूनच आणलेले असते; शहरातल्या घराने सोडलेले ज्ञान तिच्याकडे शिल्लक आहे आणि चवथीच्या चार पैशांमुळे ते टिकायला आधार मिळतो. बाजार बंद पडला तर शहरातला माणूस काही रानात जाणार नाही, उलट तिचेही जाणे थांबेल. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गोवा सरकारचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा भरवते. तिने परंपरेला मान मिळवून दिला, मात्र ईर्ष्येने जिन्नस शेकड्यांत गेले. संख्या वाढवायची म्हणजे दुर्मीळ वेल मुळासकट ओढायचा मोह आलाच. पण एवढ्यासाठी माटोळीच बंद करा म्हणणे मला पटत नाही. ज्या वेलीचे नाव घराघरात घेतले जाते तिच्यासाठी गाव भांडतो. जिचे नावच विसरले गेले ती रस्त्यासाठी किंवा खाणीसाठी तुटली तर कळतही नाही. उपाय मोजणीत आहे. स्पर्धेत गुण जिन्नसांच्या संख्येला देऊ नयेत. ते झाड कुठे वाढते, कशाला उपयोगी पडते आणि मूळ राखून फळ कसे काढले, हे सांगता येण्याला द्यावेत.

घरापुरते एवढे जरूर करावे. चवथीच्या बाजारात सामान घेताना भावासाठी घासाघीस करू नका, आणि प्रत्येक जिन्नसाचे नाव व तो कुठल्या रानातून आणला हे विकणाऱ्या बाईला विचारा. सोबत मुलांना न्या.