मेंदूचे ऑपरेशन झाल्यावर जखमेची काळजी

कंपवाताचा आजार आम्हा बँकेतल्या माणसांना प्रथम दिसतो तो सहीत. येथील रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका पेन्शन काढण्यास येत. हात थरथरे, सही जुळेना. शेवटी अंगठा घेऊ लागलो. पुढे परगावी त्यांच्या मेंदूचे ऑपरेशन झाले आणि सही पुन्हा जुळली. आम्हा सर्वांना आनंद झाला. परंतु दोन महिन्यांनी छातीवरची जागा लाल झाली. घरच्यांनी हळद लावून पंधरा दिवस वाट पाहिली. अखेर आत बसवलेली बॅटरी काढावी लागली. म्हणून हा लेखप्रपंच.

या शस्त्रक्रियेस डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. बेनाबिद यांनी १९८७ मध्ये तिचा पाया घातला. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ती आपल्याकडे रुजवली. कवटीला छिद्र पाडून मेंदूत बारीक तारा सोडतात. त्या कानामागून, मानेच्या कातडीखालून आणून छातीवर कातडीखाली ठेवलेल्या बॅटरीला जोडतात.

आपल्या कातडीवर स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू नेहमीच असतात. ते आतल्या वस्तूवर बसले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. धातू-प्लॅस्टिकमध्ये रक्त फिरत नाही, त्यामुळे औषध त्या थरात नीट पोहोचत नाही. गोळ्यांनी जंतू दबतात, पुन्हा उसळतात. असा जंतुसंसर्ग शंभरांत चार-पाच जणांना होतो, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. तो तारेवाटे मेंदूकडे सरकणे क्वचित घडते, पण ते जिवावर बेतू शकते. वेळीच बॅटरी काढल्यास मेंदूतील तारा पुष्कळदा वाचवता येतात.

तेव्हा ऑपरेशनपूर्वी मधुमेह आटोक्यात आणावा. गळू, दाताचे वा लघवीचे दुखणे डॉक्टरांना सांगावे. नंतर जखम खाजवू नये, डॉक्टरांनी सांगेपर्यंत डोक्याला तेल लावू नये. डोके, कानामागील भाग वा छाती लाल, गरम किंवा सुजलेली दिसली, पू आला, ताप आला अथवा कातडी पातळ होऊन तार दिसू लागली, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांशी बोलावे. सुई टोचू नये, मनाने गोळ्या घेऊ नयेत. कंपवाताची औषधेही परस्पर बंद करू नयेत.

काका सध्या पुन्हा अंगठा देतात. जखम पूर्ण भरल्यावर नवी बॅटरी बसेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यांच्या घरच्यांनी माया कमी केली नाही. फक्त वेळ गेला. तो आपल्यापैकी कोणाचा जाऊ नये, एवढीच विनंती.