मावळतीची भिंत

आखणीच्या दिवशी प्लॉटवर फार माणसं लागत नाहीत. दोरी धरायला दोघं, फक्की टाकायला एक आणि गुण्या बघायला मिस्त्री. एका दोरीवर तीन फुटांची खूण, दुसरीवर चार फुटांची. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच फूट भरलं की कोपरा गुण्यात आला. कर्जतच्या पुढे, पेज नदीच्या अंगाला एका प्लॉटवर हे चाललं होतं. जानेवारीतली सकाळ, हवा अशी की कुणालाही इथे घर बांधावंसं वाटेल. मालक मुंबईहून आलेले. माथेरानच्या रांगेकडे तोंड करून त्यांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "मास्टर बेडरूम इथे. समोर अख्खी काच. झोपल्या झोपल्या सूर्यास्त दिसला पाहिजे."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मालक गाडीकडे गेल्यावर हळूच म्हणाला, "साहेब, शेठना एकदा एप्रिलमध्ये दुपारी चारला इथंच उभं राहायला सांगा. मग विचारा काच किती घ्यायची."

मी कर्जत-खालापुरात घरांचे नकाशे काढतो आणि मंजुरीच्या फायली फिरवतो. निम्म्याहून जास्त घरं दुसरी घरं असतात, म्हणजे शनिवार-रविवारची. मालकाची हौस पश्चिमेला, कारण सूर्यास्त तिकडे. आणि या भागात घराला सगळ्यात जास्त भाजून काढणारी बाजूही तीच. आपण साधारण १९ अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यावर भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या बुडाशी जाते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागतच नाही. भाजतात ते स्लॅब आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंती. त्यातही पश्चिमेचं ऊन वाईट. दिवसभर तापलेल्या हवेवर ते आणखी येऊन पडतं, आणि इतकं तिरपं असतं की अडीच फुटांच्या छज्ज्याचा त्याला काही उपयोग होत नाही. ते छज्ज्याखालून थेट पलंगावर येतं.

जुन्या माणसांनी यावर पडवी काढली होती. कौलांचं पाखं उतरत उतरत कमरेच्या थोडं वर यायचं, वळचणीला वाकूनच आत शिरावं लागायचं. पाऊस आत येऊ नये म्हणून ते होतं हे खरं, पण मावळतीचं ऊनही त्याच पाख्याने अडायचं. आता गंमत बघा. नकाशात छताखालची पडवी दाखवली की तिचं क्षेत्रफळ बांधकामात धरलं जातं, एफएसआय खर्ची पडतो. तेवढ्याच लांबीची काच लावली तर कुणी काही धरत नाही.

फायलीत काय काय लागतं ते मला पाठ आहे. सातबारा, मोजणीचा नकाशा, रस्त्याची रुंदी, चारही बाजूंची सामासिक अंतरं, पार्किंग, शोषखड्डा, पावसाचं पाणी जिरवायची व्यवस्था. जागाही कुणाच्या ताब्यातली ते आधी बघावं लागतं. खोपोली, कर्जत, माथेरानला नगर परिषद, काही गावं सिडकोच्या 'नैना' या अधिसूचित क्षेत्रात, माथेरानच्या पायथ्याची काही पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात. एवढ्या सगळ्या टेबलांवरून फाईल फिरते, पण पश्चिमेची भिंत कशाची आहे असं मला आजवर एकाही टेबलाने विचारलेलं नाही.

विचारणारा कागद मात्र देशात आहे. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने १४ डिसेंबर २०१८ रोजी, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनाला, 'इको निवास संहिता' जाहीर केली. राहत्या घरांसाठीची ही संहिता. तिचा पहिला भाग घराच्या बाह्य आवरणाबद्दल आहे: भिंत, खिडकी, छत. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या राहत्या इमारतींना ती लागू करावी असं तिच्यात म्हटलं आहे. प्रत्यक्ष अंमल राज्यांनी आणि स्थानिक संस्थांनी आपापल्या बांधकाम नियमांत आणायचा. ही मर्यादा त्यांनी खाली आणली तरी चालते. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे आमच्या भाषेत, पाच गुंठ्यांपासून पुढे.

संहितेतले आकडे घाबरवणारे वाटतात, पण साइटवर उभं राहिलं की समजतात. छताचा यू-व्हॅल्यू १.२ च्या आत हवा. म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर छतातून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येता कामा नये. उघडा सहा इंची स्लॅब याच्या तिप्पट उष्णता आत सोडतो. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा केला, आमच्याकडे तो गळतीसाठी करतातच, तरी दुपटीवर राहतो. थर्मोकोल किंवा फोमचा थर कोब्याखाली घातला तरच आकडा खाली उतरतो. नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा आठ इंची सिपोरेक्सच्या भिंतीतून निम्म्याहूनही कमी उष्णता येते. नकाशात 'एएसी ब्लॉक' लिहितात, साइटवर सगळे सिपोरेक्सच म्हणतात. गवंड्यांचा त्यावर राग आहे. खिळा धरत नाही, प्लास्टर तडकतं, सांधा नीट भरला नाही तर पाणी मुरतं. हा राग अगदीच खोटा नाही. पण तडकतं ते बहुतेक वेळा ब्लॉक कोरडाठाक लावल्यामुळे आणि प्लास्टरला घाई केल्यामुळे.

भिंती आणि खिडक्या मिळून येणाऱ्या उष्णतेला संहितेने सरासरी १५ वॅट प्रति चौरस मीटर ही मर्यादा घातली आहे. एका फावल्या संध्याकाळी मी माझ्या जुन्या नकाशांपैकी काही या हिशोबात घालून पाहिले. सिपोरेक्सचं, बेताच्या खिडक्यांचं घर आरामात बसतं. पश्चिमेला अख्खी काच लावलेलं घर बसत नाही, बाकी काहीही करा. त्यातलं एक घर माझं स्वतःचं होतं. तरुणपणी बांधलं, तेव्हा मलाही सूर्यास्त हवा होता. आज त्या काचेवर जाड पडदा आहे आणि तो मार्चपासून पाऊस लागेपर्यंत उघडत नाही.

खिडकीचं आणखी एक आहे. उष्ण-दमट हवेसाठी संहिता म्हणते की उघडणारं क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के हवं, म्हणजे एकषष्ठांश. राष्ट्रीय इमारत संहितेतही दमट हवेला हेच प्रमाण आहे. हिशोब सगळ्या घराचा मिळून करतात, बाहेर उघडणारी दारंही धरतात, पण समजायला एक खोली घेऊ. दहा बाय बाराची खोली, म्हणजे उघडणारं वीस चौरस फूट हवं. पाच बाय चारची खिडकी लावली की झालं, असं वाटतं. पण ती दोन पल्ल्यांची सरकती असेल तर एक पल्ला नेहमी दुसऱ्यामागे, आणि वारा येणार दहा चौरस फुटांतून. संहिता सरकत्या खिडकीला ५० टक्केच गुण देते, कडीकोयंड्याच्या झडपांना ९०. जुन्या लाकडी झडपांच्या खिडक्या काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या, तिथे घरातला वारा जवळपास निम्मा झाला. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण त्याच वर्षी एसी आला.

आता आमच्याकडचा एक धडा, जो कुठल्या संहितेने शिकवला नाही. या भागात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. सपाट टेरेस गळतेच. पहिली दोन वर्षं डांबर, रसायनं, पुन्हा कोबा असे सगळे प्रकार होतात, मग माणूस कंटाळतो आणि टेरेसवर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याची शेड घालतो. नेरळपासून खोपोलीपर्यंत रेल्वेतून बाहेर बघा, निळे-लाल पत्रे दिसतील. दिसायला वाईट, परवानगीची कटकट वेगळी. पण त्या शेडखाली मे महिन्यात दुपारी तीनला अनवाणी उभं राहता येतं. शेजारच्या उघड्या टेरेसवर नाही. पत्रा तापतो, पण खालून वारा वाहत असतो, स्लॅबला ऊन लागतच नाही. माझ्या मिस्त्रीने एकदा खालच्या खोलीत छताला हात लावून दाखवला होता. रात्री आठ वाजता शेड असलेल्या अर्ध्या भागाखालचं छत गार, उरलेल्या अर्ध्याला तळहात टेकवत नव्हता. एकाच खोलीत, एकाच स्लॅबला. शेड मालकाने गळतीसाठी घातली होती. पैसे संपले म्हणून अर्धीच राहिली.

पांढऱ्या गच्चीची शिफारस शहरातून येते. चांगलीच आहे, चुना स्वस्त आहे. पण आमच्या पावसात ती सप्टेंबरपर्यंत शेवाळाने काळी पडते. दर फेब्रुवारीत घासून पुन्हा मारायची तयारी असेल तरच करावी.

पाच गुंठ्यांच्या खालच्यांचं काय? कातकरीवाडीत जाऊन बघा. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर गवत किंवा कौल. भिंत इतकी पातळ की दिवस मावळल्यावर तासाभरात थंड होते. पण या झोपडीचं गुणगान मी करणार नाही. ती दर वर्षी शाकारावी लागते, पावसाळ्यात साप येतो, आगीची भीती असते, आणि ज्याला पक्कं घर मिळतंय तो परत कुडात जाणार नाही. त्याने जाऊही नये. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, म्हणजे पाव गुंठा. कातकऱ्यांसाठी जनमन योजनेत घराला दोन लाख मिळतात. एवढ्यात स्लॅब किंवा पत्रा होतो, खाली छत नाही, समोर पडवी नाही. मी पाहिलेल्या घरकुलांत दुपारी माणसं आत नसतात, आंब्याखाली किंवा जुन्या कुडाच्या झोपडीत असतात. वीटभट्टीवर हंगामभर विटा थापणारा माणूस स्वतःच्या विटांच्या घरात दुपारी बसू शकत नाही. घरकुलाच्या नमुना नकाशात एका बाजूला चार फुटांची पडवी आणि पत्र्याखाली हवा खेळेल एवढं अंतर घालून त्याचे पैसे दिले, तर त्याचा उपयोग पाच गुंठ्यांवाल्यांना संहिता शिकवण्याहून जास्त होईल, असं माझं मत.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. २०२२ च्या दुरुस्तीने राहत्या इमारतीही त्यात आल्या, पण १०० किलोवॅटच्या जोडभारापासून. राज्याला ही मर्यादा कमी करता येते. शनिवार-रविवारचा बंगला या मर्यादेच्या आसपासही जात नाही. मात्र त्याची एक वेगळीच तऱ्हा आहे. सोमवार ते शुक्रवार घर बंद, खिडक्या बंद, काँक्रीट पाच दिवस तापत राहतं. शुक्रवारी दुपारी मालकांचा केअरटेकरला फोन येतो, "दादा, एसी चालू करून ठेवा." रिकाम्या घरात पाच-सहा तास एसी फक्त भिंती गार करत असतो. १९१५ पासून खोपोलीच्या आणि १९२२ पासून भिवपुरीच्या टाटांच्या वीजगृहात घाटावरून उतरलेल्या पाण्यावर वीज होते आणि मुंबईला जाते. मुंबईकर आता वीज जाळायला इकडे येतात, असं आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी कुणीतरी बोलून जातं.

पेजच्या प्लॉटवर शेवटी काय झालं? एप्रिलमध्ये मी मालकांना खरंच चार वाजता बोलावलं. खुर्ची ठेवली, चहा दिला. वीस मिनिटांनी त्यांनीच खुर्ची उचलून जांभळाखाली नेली. जिना, संडास-बाथरूम आणि कपाटं पश्चिमेला गेली, त्या बाजूने आठ फुटांची पडवी आली. एफएसआय गेला म्हणून ते थोडे नाराज होते. मोठी काच पूर्वेला ढाकच्या डोंगराकडे झाली, सकाळी नऊनंतर पडदा लागतो. स्लॅबवर थर घालायला मात्र तयार झाले नाहीत, "पुढच्या वर्षी शेडच घालू" म्हणाले.

तुमचं घर पाच गुंठ्यांच्या आत असेल तर तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. तरी फक्की पडायच्या आधी एकदा चैत्र-वैशाखात, दुपारी चारला, प्लॉटवर खुर्ची टाकून बसा.