बालदारिद्र्य

पुरेसे अन्न, सुरक्षित निवारा, आरोग्यसेवा व शिक्षण यांच्या अभावी बालकाची शारीरिक व बौद्धिक वाढ ज्या अवस्थेत खुंटते, तीस बालदारिद्र्य म्हणतात. बालकाला स्वतःचे उत्पन्न नसते. त्यामुळे त्याचे दारिद्र्य कुटुंबाच्या दारिद्र्यावरून अजमावण्याचा प्रघात आहे. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचे जे विवेचन केले, त्यातही दरडोई उपभोगखर्च हाच आधार होता. या पद्धतीत घरातल्या घरात होणारी वाटणी मात्र दृष्टीआड राहते. सारख्याच उत्पन्नाच्या दोन घरांपैकी एकातील मुलगी शाळेत जाते, दुसऱ्यातील मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते. हा भेद सरासरीत उमटत नाही.

कौटुंबिक परिस्थितीचा हा संबंध नवी मुंबईत विशेष स्पष्ट दिसतो. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाल्यावर ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादण्याचे ठरले. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणारी कुटुंबे त्यामुळे विस्कळित झाली. जानेवारी १९८४ मधील आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. तथापि मोबदला काय किंवा भूखंड काय, दोन्ही प्रामुख्याने जमिनीच्या मालकीशी निगडित होते. कुळे, शेतमजूर व कातकरी यांच्या मुलांच्या वाट्याला त्यातून फारसे काही आले नाही.

दुसरा वर्ग बाहेरून आलेल्या श्रमिकांचा. शहराला लागणारी खडी पारसिक डोंगराच्या उतारावरील तुर्भे, नेरूळ इ. भागांतील दगडखाणींतून निघाली. खाणकामात मजुरी सामान्यतः फोडलेल्या दगडाच्या मापावर मिळते. साहजिकच जितके हात तितकी कमाई, असा हिशोब होतो आणि मूल लवकर कामाला जुंपले जाते. त्यात मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. दगडाच्या धुळीने जडणाऱ्या फुप्फुसविकाराने अथवा अपघाताने कर्ता पुरुष गेला, की कर्ज व मुले दोन्हींचा भार एकट्या आईवर पडतो. थोरल्या मुलीची शाळा बहुधा याच वेळी सुटते. बापाचे व्यसन हे कारण नेहमी सांगितले जाते. ते खोटे नव्हे, पण उचल व आजारपण यांपुढे त्याला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व मिळाले आहे.

बांधकाम-मजुरांचे बिऱ्हाड इमारत पूर्ण होताच हलते. त्याबरोबर मुलाची शाळा, अंगणवाडीतील नोंद व लसीकरण यांत खंड पडतो. शिक्षणहक्क कायदा (२००९) प्रवेशाची हमी देतो. मात्र प्रवेश मिळालेले मूल दिवाळीनंतर कोणत्या गावी असेल, हे त्या कायद्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत मनाई झाली, परंतु शाळेव्यतिरिक्तच्या वेळात कौटुंबिक उद्योगात मदत करण्याची सवलत राहिली. घरी आणलेले अंगावरचे काम यामुळे तपासणीतून सहज निसटते.

मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागीच पाळणाघर सुरू केले. हे कार्य १९७२ मध्ये मुंबईत आले. आई कामावर असताना तान्ह्या मुलाची सोय झाली, की थोरले भावंड शाळेसाठी मोकळे होते. १९९६ च्या बांधकाम-कामगार अधिनियमाने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असल्यास अशी सोय बंधनकारक केली. पण लहान कंत्राटदारांकडे तेवढ्या स्त्रिया हजेरीपटावर क्वचितच आढळतात.