सॉफ्टवेअर टाकायचे कुठे?

पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘फॉसी’ प्रकल्पाने सायलॅब, ओपनफोम, ईसिम यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपर्यंत नेली. तिथल्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’मुळे लिनक्सचे धडे मराठीतूनही मिळू लागले. हे धडे घेऊन ठाण्यातला किंवा कल्याण-डोंबिवलीतला एखादा विद्यार्थी उबुंटूवर काम करू लागला, की लवकरच एक प्रश्न समोर येतो: हवे ते सॉफ्टवेअर किंवा त्याची नवी आवृत्ती भांडारात नाही, सोर्स कोड मात्र हाताशी आहे. तो बांधून ठेवायचा कोणत्या डिरेक्टरीत?

युनिक्समध्ये याचे उत्तर मालकीवरून ठरते. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची काम करत होते तेव्हा डिस्क अवघ्या काही मेगाबाइटच्या होत्या. पहिली भरली तेव्हा प्रणालीचा पसारा दुसऱ्या डिस्कवर, ‘यूएसआर’मध्ये सरकला. तिथे आधी वापरकर्त्यांच्या फाइली राहत. त्या अडचणीतून झालेली वाटणी पुढे रूढ झाली. लिनक्सवाल्यांनी 1994 मध्ये डिरेक्टऱ्यांचे पहिले प्रमाण लिहिले. त्याचीच पुढची पिढी असलेल्या ‘एफएचएस’ची 3.0 आवृत्ती 2015 ची. त्यानुसार ‘यूएसआर’ वितरणाची, ‘यूएसआर/लोकल’ त्या यंत्राच्या व्यवस्थापकाची आणि ‘ऑप्ट’ बाहेरून येणाऱ्या स्वयंपूर्ण पॅकेजांची.

ही सीमा पाळली नाही तर काय होते, ते डेबियन आणि उबुंटूत नीट दिसते. त्यांचा पॅकेज व्यवस्थापक ‘डीपीकेजी’ आपण बसवलेल्या प्रत्येक फाइलची यादी ठेवतो. एका पॅकेजची फाइल दुसरे पॅकेज पुसू लागले तर तो थांबतो. पण तुम्ही स्वतःच्या हाताने ‘यूएसआर/बिन’मध्ये ठेवलेली फाइल कोणत्याच यादीत नसते. त्याच नावाची फाइल असलेले पॅकेज आले की तुमची फाइल न विचारता पुसली जाते. उलट, तुम्हीच पॅकेजच्या फाइलवर आपली चढवलीत, तर पुढच्या अपडेटमध्ये ती जाते आणि चूक कुठे झाली ते शोधत बसावे लागते. ‘यूएसआर/लोकल’मध्ये मात्र पॅकेजने आपल्या फाइली टाकू नयेत, असा डेबियनचा नियमच आहे. बहुतेक ‘कन्फिगर’ स्क्रिप्टचा ‘प्रीफिक्स’, म्हणजे बसवण्याची जागा, आपोआप हीच असते.

आज्ञा दिल्यावर शेल ‘पाथ’मधील डिरेक्टऱ्या क्रमाने धुंडाळतो. चाळीत पत्त्यावरचे नाव ज्या पहिल्या दारावर दिसेल तिथेच पत्र टाकणाऱ्या पोस्टमनसारखे त्याचे काम. ‘यूएसआर/लोकल/बिन’ त्या क्रमात ‘यूएसआर/बिन’च्या आधी येत असल्याने तुमची नवी आवृत्ती चालते आणि जुनी जागची हलत नाही. लायब्ररी बसवली असेल तर ‘एलडीकॉन्फिग’ चालवायला विसरू नये; नाहीतर फाइल डोळ्यांसमोर असूनही प्रोग्राम ती सापडत नाही म्हणतो.

काढून टाकणे हा या निवडीचा खरा कस. ‘मेक अनइन्स्टॉल’ची सोय सगळेच देत नाहीत आणि देतात तेव्हाही मूळ बांधणीची डिरेक्टरी जपून ठेवलेली असावी लागते. ‘जीएनयू स्टो’ यावर छान तोडगा देतो: प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या डिरेक्टरीत आणि ‘यूएसआर/लोकल’मध्ये फक्त त्याचे दुवे. ‘ऑप्ट’मध्ये तर सगळे एकाच जागी असते. ओपनफोमची ओपनफोम फाउंडेशनने दिलेली उबुंटू पॅकेजे तिथेच बसतात, त्यामुळे दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदू शकतात. मॅकवर ‘होमब्रू’ने अॅपलच्या नव्या प्रोसेसरसाठी ‘ऑप्ट/होमब्रू’ निवडले, तेही इंटेलची जुनी प्रत ‘यूएसआर/लोकल’मध्ये राहू शकावी म्हणून.

आणि लॅबमधल्या विद्यार्थ्याचे काय? त्याच्याकडे रूटचा पासवर्ड नसतो, नसावाही. त्याच यंत्रावर पुढच्या बॅचचे प्रात्यक्षिक असते. तरीही त्याने हात बांधून बसू नये. ‘कन्फिगर’ला ‘प्रीफिक्स’ म्हणून स्वतःच्या होममधील ‘.लोकल’ द्यावे, मग ‘मेक इन्स्टॉल’ला ‘सुडो’ लागतच नाही. पायथॉनसाठी ‘व्हेन्व्ह’, म्हणजे स्वतःचे वेगळे वातावरण, करावे. 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून तर ‘पिप’ प्रणालीच्या पायथॉनमध्ये थेट पॅकेज टाकायला नकारच देतो. होममध्ये ‘.लोकल/बिन’ पहिल्यांदाच तयार झाली असेल तर एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगइन व्हावे, कारण उबुंटूची ‘.प्रोफाइल’ ही डिरेक्टरी आहे का ते लॉगइनच्या वेळीच पाहते आणि असली तरच ‘पाथ’मध्ये जोडते.