मुरंब्याचा मुलगा आणि महासंगणक

आमच्या पाटण तालुक्यात एखाद्या घरचा मुलगा किंवा मुलगी 'कॉम्प्युटरला' पुण्यास गेली, की आईवडिलांची मान उंचावते. पण ही मुलगी पुढे चाळीस वर्षे नेमके काय काम करणार, असे विचारले तर त्यांना सांगता येत नाही. यात त्यांचा दोष नाही. मास्तर, तलाठी, डॉक्टर, वकील आपण पाहिलेले असतात. संगणकाच्या कामात सारा जन्म घालवलेला माणूस आपल्या वस्तीत अजून फारसा झालेला नाही. म्हणून असा एक माणूस आज वाचकांसमोर ठेवतो.

डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात, मुरंबा या लहानशा गावी झाला. १९६५ साली ते नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून अभियंता झाले. तेवढ्यावर नोकरी धरून बसता आले असते. ते बसले नाहीत. १९६८ साली बडोद्याहून पुढची पदवी घेतली आणि १९७२ साली दिल्लीच्या आय.आय.टी.तून डॉक्टरेट मिळवली. नंतर केरळात तिरुवनंतपुरमला इलेक्ट्रॉनिक्सच्या संशोधन केंद्राचे त्यांनी नेतृत्व केले. म्हणजे ज्या कामामुळे त्यांचे नाव झाले, ते हाती येण्यापूर्वी पंधरा वर्षांची तयारी झालेली होती.

१९८० नंतरच्या दशकात भारताने अमेरिकेकडे 'क्रे' महासंगणक मागितला. हवामानाच्या कामासाठी एक यंत्र मिळाले, तेही कडक अटी घालून. त्याहून मोठे यंत्र देण्यास नकार मिळाला. अण्वस्त्रे व क्षेपणास्त्रे यांसाठी त्याचा वापर होईल, अशी त्यांना भीती होती. तेव्हा १९८८ साली केंद्र सरकारने पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था काढली आणि तिची धुरा डॉ. भटकरांकडे दिली. मुदत होती तीन वर्षे. १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला.

हे कसे साधले? आपल्याकडे पैऱ्याने भातलावणी करतात, ते आठवा. एकटा कितीही दणकट असला तरी एका दिवसात किती लावणार? पण साठ माणसे एकाच वेळी चिखलात उतरली, तर शिवार दुपारपर्यंत हिरवे होते. 'परम'मध्ये हेच केले. एक अचाट यंत्र बांधण्याऐवजी लहान लहान गणनयंत्रे जोडून त्यांना एकाच गणिताचे तुकडे वाटून दिले. मात्र कोणी कोणता पट्टा लावायचा आणि कोणी कोणासाठी थांबायचे, हे सांगणारा मुकादम लागतो. नाहीतर साठ माणसे एकमेकांच्या पायांत येतील. संगणकातला हा मुकादम म्हणजेच सॉफ्टवेअर. 'परम'साठी ते 'पारस' या नावाने सी-डॅकमध्येच तयार झाले. म्हणून हे श्रेय एकट्या भटकरांचे नाही. अनेक तरुण अभियंत्यांचे ते काम आहे. पुढाऱ्याचे काम कामाची वाटणी नीट करण्याचे.

याच संस्थेने आपल्या भाषेचेही काम केले. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले 'जिस्ट' हे भारतीय लिप्यांचे तंत्र १९८८ मध्ये सी-डॅकमध्ये आले आणि तेथे वाढले. आम्ही कचेरीत कारकुनी करणारी माणसे. ज्या कारकुनांनी मराठी टंकलेखन यंत्रावर बोटे झिजवली आणि नंतर संगणकावर मराठी पत्र टंकले, त्यांना या कामाची किंमत कळते.

पाटणच्या माणसाला महासंगणकाचे काय, असे कोणी म्हणेल. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या आणि झोपेतली माणसे गाडली गेली. दरड कोणत्या घरावर येईल, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. पण अतिवृष्टीचा इशारा आधी मिळण्यासाठी ढग, वारा, बाष्प यांचे अफाट गणित वेळेत सुटावे लागते. ते महासंगणकच सोडवतो. अशा कामासाठी २०२४ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 'अर्का' हा नवा महासंगणक सुरू झाला. त्यावर बसणारे हात डोंगरकपारीतल्या मुलांचे का असू नयेत?

आता आपल्या घरची गोष्ट. डॉ. भटकर आय.आय.टी.तून डॉक्टर होऊन बाहेर पडले १९७२ साली. अनुसूचित जाती-जमातींसाठी तेथे राखीव जागा आल्या १९७३ साली. आणि बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या १९९० साली. म्हणजे भटकरांच्या वयाचा आपला हुशार मुलगा त्या दारापर्यंत पोचला असता, तरी त्याला हक्काने आत घेणारी तरतूद नव्हती. आज ती आहे. मात्र खासगी सॉफ्टवेअर कंपन्यांत आरक्षण नाही. तेथे येणारे कामच बोलते.

म्हणून पालकांना आमची विनंती. एम.एस.-सी.आय.टी. हा आमच्यासारख्या कारकुनांच्या नोकरीपुरता कागद आहे. तो उंबरठा आहे, घर नव्हे. मुलाचे, विशेषतः मुलीचे, गणित आठवीपासून पक्के करून घ्या. पदवीनंतर सी-डॅकचा अभ्यासक्रम प्रवेश परीक्षेने मिळतो, त्याची चौकशी करा. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासनाची स्वाधार योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. समाजकल्याण कार्यालयात वेळेवर अर्ज करा. तारीख उलटल्यावर हळहळून उपयोग नाही.

आणि पहिली नोकरी लागली की 'आता शिकणे पुरे, लग्नाचे बघा' असे म्हणू नका. या क्षेत्रात दर काही वर्षांनी यंत्र बदलते, भाषा बदलते, आणि शिकणे थांबवणारा मागे पडतो. डॉ. भटकरांना २००० साली पद्मश्री आणि २०१५ साली पद्मभूषण मिळाले. २०१७ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ते नालंदा विद्यापीठाचे कुलपती झाले. ज्या नालंदेत भिक्खू आयुष्यभर शिकत आणि शिकवत, त्याच नावाचे हे विद्यापीठ. मुरंब्याहून तेथवर पोचायला पन्नासाहून अधिक वर्षे लागली. आपल्या मुलांनाही तेवढा वेळ आणि तेवढा आधार द्या.