डक्टातली कपार

डोंबिवली पूर्वेच्या आमच्या इमारतीत न्हाणीघरांच्या खिडक्या ज्या डक्टमध्ये उघडतात, तिथून मार्चमधल्या एका रविवारी सकाळपासून फडफड ऐकू येत होती. आधी जोरात, मग थांबून थांबून, दुपारनंतर अगदी बारीक. "मेलं असेल हो ते आता," खालच्या काकू म्हणाल्या. टॉर्च मारला तर हलत होतं. जाळीची वरची कड एका बाजूने हुकांतून निसटून झोळीसारखी लोंबत होती आणि त्या झोळीत एक पारवा पाठीवर पडला होता. एका पायाला तंगूसाचे तीन वेढे. अग्निशमन दलाचे जवान आले, पण डक्टमध्ये शिडी जाईना. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या एकेक काढून त्यांनी हात आत घातला आणि कात्रीने धागे कापले. पारवा वाचला, दोन बोटं गेली. सहा वर्षांच्या गॅरंटीसह ही जाळी बसवून गेलेल्या कंत्राटदाराचा फोन तेव्हाही लागला नाही, आजही लागत नाही.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही जिन्यात पाहा, मीटरच्या खोक्यांवर 'पिजन नेट लावून मिळेल'चे स्टिकर असतात. अशा जाळीत अडकलेला पक्षी सोडवायला जाणं हे अग्निशमन दलाचं नेहमीचं काम होऊन बसलं आहे. जाळी लावणाऱ्याला मी दोष देत नाही, आमच्याही घरी ती आहे. पण पारवा आपल्या सज्जात का येतो आणि जाळीत का अडकतो, हे कळलं की बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच उपायांचा फोलपणा आपोआप उघडा पडतो.

पारवा मुळात झाडावरचा पक्षीच नाही. त्याचं शास्त्रीय नाव कोलंबा लिव्हिया, आणि इंग्रजीत तर त्याला खडकावरचंच कबुतर म्हणतात. कड्याच्या कपारीत चार काटक्या टाकून संसार मांडायचा, हा त्याचा मूळ धर्म. आपल्याकडे त्याला कड्यांची कधी वाण नव्हती. मलंगगडाचे सरळसोट कडे, मुंब्र्याला रेल्वेच्या डोक्यावर उभा असलेला पारसिकचा डोंगर, माहुलीचे सुळके, सगळा काळा बेसाल्ट. गावात आला तेव्हा त्याने कड्यासारखंच काही शोधलं: देवळाचं शिखर, किल्ल्याचा बुरूज, विहिरीच्या आतले कोनाडे. विहिरीत वाकून हाक मारली की आतून पारव्यांचा भुर्रकन उठणारा थवा माझ्या वयाच्या पुष्कळांना आठवत असेल.

2011च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या 18 लाखांच्या वर होती आणि कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या आसपास. एवढ्या माणसांसाठी उभ्या केलेल्या भिंती पारव्याच्या डोळ्याने बघा. घोडबंदर रस्त्यावर तीस-तीस मजल्यांचे कडे. प्रत्येक मजल्यावर एसीच्या बाहेरच्या युनिटमागे वीतभर सांदी, बाहेर काढलेले फ्लॉवरबेड, ड्राय बाल्कनी, नुसत्या शोभेसाठी काढलेल्या पट्ट्या. आणि मध्यभागी डक्ट, म्हणजे वारा नाही, ऊन नाही, ससाणा शिरू शकत नाही अशी आयती विहीर. मलंगगडावर शाहीन ससाण्याची धास्ती असते, इथे फार तर कावळा अंडी पळवतो. 2023च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत चिंतेचे आकडे आहेत. पारवा त्याला ठळक अपवाद आहे. 2000 सालानंतर त्याची संख्या दुपटीहून अधिक झाली. त्याला कपारी बांधून दिल्या त्या आपणच.

आता जाळी. कबुतराचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. मागून येणारा शत्रू टिपायला हे उत्तम. पण दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसणारा समोरचा पट्टा अरुंद राहतो. पक्ष्यांच्या दृष्टीवर आयुष्यभर काम केलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ ग्रॅहम मार्टिन यांनी दाखवून दिलं आहे की पुष्कळ पक्ष्यांची सर्वांत तीक्ष्ण नजर बाजूला रोखलेली असते, उडण्याच्या दिशेला नव्हे. मोकळ्या आकाशात समोर काही आडवं येईल ही शक्यताच त्यांच्या उत्क्रांतीने धरलेली नाही. तंगूसाची पारदर्शक जाळी आपण 'व्ह्यू जाऊ नये' म्हणून निवडतो. जी आपल्याला दिसत नाही, ती त्या पक्ष्यालाही वेळेत दिसत नाही.

तरीही ताणलेल्या जाळीवर आपटलेला पक्षी बहुतेकदा मागे फिरतो. जीव घेते ती सैल जाळी. कबुतराचे पाय कड धरायला बनलेले आहेत; बसताना बोटं मिटतात. मिटलेल्या बोटांत धागा आला की पक्षी पंख मारतो, तसा वेढा आवळतो, रक्त थांबतं आणि काही दिवसांत बोट गळून पडतं. फलाटावर लंगडणारी, बोटांचे खुंट झालेली कबुतरं आपण रोज बघतो. फ्रान्सच्या फ्रेडरिक जिगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019मध्ये पॅरिसमधल्या कबुतरांची तुटकी बोटं मोजली, तेव्हा जिथे केशकर्तनालयं जास्त तिथे थोटी कबुतरंही जास्त, असं दिसलं. म्हणजे माणसाचा केससुद्धा पुरतो. तंगूस तर त्याहून चिवट. संक्रांतीच्या सुमाराला त्यात नायलॉन मांजाची भर पडते. राष्ट्रीय हरित लवादाने 2017मध्ये देशभर बंदी घालूनही तो पतंगांना लागतोच.

सज्जांवर फासला जाणारा चिकट जेल माझ्या मते सगळ्यांत वाईट. पिसाच्या प्रत्येक तंतूला सूक्ष्म आकडे असतात, त्यांनी तंतू एकमेकांत अडकून पंखाचा सलग पडदा तयार होतो. जेल लागला की आकडे एकत्र चिकटतात, पक्षी चोचीने साफ करायला जातो आणि तोच जेल तोंडात आणि इतर पिसांवर पसरतो. कबुतर अंगाने मोठं, ते एखाद वेळेस निसटतं. चिमणी किंवा शिंजीर तिथेच संपतं. बरं, एवढं करून फायदा काय? स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाचे डॅनियल हाग-वाकरनागेल आणि बिर्टे श्टॉक यांनी 2014मध्ये असे दोन जेल तपासले. कबुतरं थोडी बिचकली, पण जागा सोडून गेली नाहीत. घरटं जिथे आहे तिथे हा पक्षी असल्या त्रासाला जुमानत नाही, हा या अभ्यासकांचा जुनाच अनुभव.

खिळ्यांच्या पट्ट्यांची तर थट्टाच झाली. 2023मध्ये नेदरलँड्सचे आउके-फ्लोरियन हीमस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी मॅग्पाय आणि कावळ्यांची अशी घरटी नोंदवली, जी पक्षी हाकलण्याच्या याच खिळ्यांची विणलेली होती. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या एका घरट्यात सुमारे दीड हजार खिळे होते, आणि मॅग्पायनी टोकं बाहेर काढून छपरासारखी रचली होती, म्हणजे तेही बाकीच्या पक्ष्यांना हाकलायलाच वापरत होते. तारेचे तुकडे घरट्यात विणणाऱ्या आपल्या कावळ्यांना यात शिकण्यासारखं फारसं नाही.

आणखी एक चीज ऑनलाइन जोरात खपते: अल्ट्रासोनिक यंत्र. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, अल्ट्रासाउंड त्याच्या पुढचा. कबुतराची ऐकण्याची वरची मर्यादा 10 हजारांच्या आतच संपते. म्हणजे आपल्याला जे ऐकू येत नाही ते त्याला तर मुळीच येत नाही. उलट आपल्याला न ऐकू येणारे अतिशय खालच्या पट्टीतले आवाज त्याला कळतात. हे यंत्र लावून निदान पक्ष्यांचे हाल होत नाहीत, एवढंच काय ते समाधान.

ही सगळी आयुधं कबुतराच्या नावाने विकली जातात, पण अडकणारा प्रत्येक जीव कबुतर नसतो. गव्हाणी घुबड दिवसा डक्टमध्ये झोपतं आणि रात्री आपल्याच सोसायटीतले उंदीर खातं. पोपट पाइपच्या भोकांत घरटं करतात. पाकोळ्यांचं दुखणं वेगळं. त्यांना फांदीवर बसताच येत नाही, फक्त खडबडीत पृष्ठभागाला लटकता येतं, म्हणून छज्जाखाली पिसं आणि गवत लाळेने चिकटवून त्या वसाहत करतात. पावसाळ्याआधी इमारतीला परांची बांधून हिरवी जाळी चढवली की त्यांची ये-जा बंद होते आणि पिल्लं आत राहतात. घार, बुलबुल, दयाळ, वटवाघूळ... यादी वाढवता येईल.

इथे कुणी तरी विचारणारच, 'आणि माणसांचं काय?' रास्त प्रश्न आहे. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली तर काही जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो. फुप्फुसं कडक होत जातात आणि ते नुकसान कायमचंही राहू शकतं. याच कारणासाठी जुलै 2025मध्ये मुंबईतले 51 कबुतरखाने, म्हणजे कबुतरांना दाणे टाकायच्या जागा, बंद करण्याचे आदेश निघाले, ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, ती फाडली गेली, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढे मुंबई महापालिकेने चार जागी सकाळी 7 ते 9 या वेळेत दाणे टाकायला तात्पुरती मुभा दिली. त्यातली एक ऐरोली-मुलुंड जकात नाक्याची, ठाण्याच्या अगदी वेशीवरची.

या भांडणात जो अनुभव दोन्ही बाजूंपैकी फारसा कुणी सांगितला नाही, तो बाझलचाच. तिथे वर्षानुवर्षं कबुतरं मारली जात, पण उरलेल्यांना जास्त दाणे आणि जास्त जागा मिळून संख्या पुन्हा भरून निघे. 1988पासून त्यांनी मोहीम बदलली. दाणे टाकण्याने कबुतरांचंच नुकसान होतं, दाटी आणि रोगराई वाढते, हे लोकांना पटवून दिलं, आणि ठरावीक खुराडी बांधून तिथली अंडी काढून घेतली. साधारण चार वर्षांत 20 हजारांचा थवा निम्म्यावर आला. दाणे हा नळ आहे आणि खिळे-जेल म्हणजे वाहत्या नळाखाली धरलेलं फडकं.

मग जाळी लावायची की नाही? लावा, पण पारव्याला दिसेल अशी: काळ्या किंवा गडद रंगाची, जाड विणीची, चारी कडांना तारेचा दोर फिरवून इतकी ताणलेली की बोटाने टिचकी मारली तर थरथरावी, झोळ धरू नये. मोठं कबुतर 50 मिलिमीटरच्या छिद्रातून आत येत नाही, चिमणीला अडवायचं तर 19 लागतं. छिद्र, ताण आणि रंग या तीन गोष्टी कंत्राटदाराला विचारा, तो गडबडला तर दुसरा बघा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, हुक तपासा. नवी इमारत बांधणाऱ्यांनी तर सज्जाला 45 अंशांचा ढाळ दिला तरी पुष्कळ झालं. घसरगुंडीवर पारवा संसार मांडत नाही. वास्तुविशारदांना हे ठाऊक नसेल असं नाही, पण सदनिका विकताना ढाळ कुणाला दाखवता येत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जाळी ठोकण्याआधी आत कोण आहे ते बघणं. पारवीण दोन अंडी घालते, ती 18 दिवसांनी फुटतात आणि पिल्लं आणखी महिनाभराने उडतात. पहिले काही दिवस ती दाणा खातच नाहीत. नर आणि मादी दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत दाट, दह्यासारखा स्राव तयार होतो, त्यावर ती जगतात. पिल्लांना बापाने दूध पाजणं ही पक्ष्यांत अगदी दुर्मीळ गोष्ट. आई-बाप बाहेर आणि पिल्लं आत अशी जाळी लागली की ती उपाशी मरतात, आणि मग आठवडाभर सगळ्या न्हाणीघरांत वास येतो. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अशा छळाला शिक्षा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त 50 रुपये. डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर त्यात धड पावभाजीही येत नाही.

अडकलेला पक्षी दिसलाच तर ओढू नका. अंगावर फडकं टाकलं की अंधारात तो शांत होतो, मग एकेक धागा कापायचा. चोचीत पाणी ओतायचं नाही, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं आणि पाणी थेट फुप्फुसात उतरतं. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. घुबड किंवा घार असेल तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे.

आमच्या डक्टची नवी जाळी त्या रविवारनंतर लगेच लागायची होती. माणसं दोर घेऊन आली, वरून उतरली आणि चौथ्या मजल्यावर पाइपच्या बेचक्यात दोन अंडी सापडली. कमिटीत थोडी हुज्जत झाली. मग सेक्रेटरींनी पाणी बंदच्या सूचनेखाली खडूने लिहिलं: 'डक्टचे काम सात आठवडे पुढे. कारण, चौथ्या मजल्यावर बाळंतीण.' चाळिसाव्या दिवशी काकूंनी समोरच्या पट्टीवर नव्या दोन काटक्या पाहिल्या. पहिली पिल्लं उडायच्या आतच पारवीण दुसऱ्या विणीची तयारी करते, हे एव्हाना सगळ्या मजल्यांना पाठ झालं होतं. अंडी यायच्या आत काकूंनी झाडूच्या दांड्याने त्या काटक्या खाली पाडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन होत्या.