घरी बनवलेलं विमान : पहिल्या उड्डाणाआधी काय काय तपासतात?

पुणे : जुन्या गाडीचं इंजिन लावून विमान, हेलिकॉप्टर बनवणाऱ्या पोरांचे व्हिडिओ आपल्या मोबाईलवर सारखे येतात. बघून कौतुक वाटतं. पण ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात काय झालं, तेही लक्षात ठेवायला पाहिजे. तिथला एक तरुण स्वतः बनवलेलं हेलिकॉप्टर चालू करून बघत होता. पंख्याचं पातं तुटलं, डोक्याला लागलं आणि पोरगं गेलं. हेलिकॉप्टर जमिनीवरून उठलंही नव्हतं.

दुसरं उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. त्यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवलं. २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. २०१७ मध्ये डीजीसीएकडे नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी झाली. यादव स्वतः वैमानिक, तरी एवढा वेळ गेला. विमान तयार होणं वेगळं आणि उडवण्यालायक होणं वेगळं. मग या मधल्या काळात नेमकं काय तपासतात?

१) वजनाचा तोल : तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून विमान तोलतात. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचलतं, तसंच विमानाचं. मागे वजन जास्त झालं तर नाक वर जातं, वेग पडतो आणि विमान खाली येतं. गाडी थांबवून पोती पुढे सरकवता येतात, हवेत ती सोय नाही.

२) दांडी आणि पंख : दांडी उजवीकडे केली की उजव्या पंखाची मागची झडप वर आणि डावीची खाली गेली पाहिजे. तारा उलट्या जोडल्या गेल्याने जगात अनेक अपघात झालेत. म्हणून ही तपासणी बनवणाऱ्याने एकट्याने करू नये. दुसऱ्या जाणकाराला दाखवावी.

३) पेट्रोल : फवारणी पंपाचा नोझल मिनिटाला किती पाणी टाकतो, ते आपण मोजतो. तसंच नळी काढून मिनिटाला किती पेट्रोल येतं ते मोजतात, तेही विमानाचं नाक वर करून. कारण वर चढताना विमान तिरपं असतं. टाकीतून पेट्रोल आपोआप उतरत असेल, तर इंजिनला पूर्ण ताकदीवर लागतं त्याच्या दीडपट आलं पाहिजे. टाकीच्या तळाला पाणी साचलंय का, तेही बघतात.

४) इंजिन : विमान घट्ट बांधून, चाकांना अडण लावून इंजिन चालवतात. तेल गळतं का, इंजिन किती तापतं, बोल्ट ढिले होतात का, हे बघतात. पंख्यासमोर आणि पात्यांच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. मळणी यंत्रात हात गेलेली माणसं आपण गावोगाव पाहतो. हा पंखा त्याहून वाईट.

५) जमिनीवर पळवणं : आधी हळू, मग वेगात. ब्रेक लागतो का, विमान सरळ जातं का, ते कळतं. वेगात पळवताना विमान अचानक उचलू शकतं. म्हणून परवानगी नसताना आणि वैमानिक तयार नसताना वेगात पळवायचंच नाही.

६) पहिलं उड्डाण : सकाळी, वारा शांत असताना, लांब धावपट्टीवरून. आत फक्त वैमानिक. मित्र नाही, घरचं कुणी नाही. विमान धावपट्टीच्या आसपासच ठेवायचं. खाली अग्निशमन आणि दवाखान्याची सोय हवी. अमेरिकेत तर साधारण २५ ते ४० तास अशी चाचणी झाल्याशिवाय प्रवासी बसवता येत नाही.

आपल्याकडे डीजीसीएची नोंदणी आणि परवानगी नसताना विमान उडवणं बेकायदेशीर आहे. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे इथे तर जास्तच काळजी घ्यावी लागते.

गावात एखादं पोरगं असं काही बनवत असेल तर त्याची चेष्टा करू नका. पण इंजिन चालू करताना गर्दी जमवून "उडव, उडव" असंही ओरडू नका. पंधरा ऑगस्ट, जत्रा, वाढदिवस अशी तारीख तर अजिबात ठरवू नका. सगळी तपासणी होईल, तीच उड्डाणाची तारीख.